या वळणाचे कारण ज्ञात नाही

राज्यमार्ग क्रमांक एकोणनव्वद नदीवरच्या जुन्या पुलापाशी सुरू होतो आणि एका शेताच्या बांधाशी येऊन एकदम थांबतो. का थांबतो, ते विचारू नये. रेल्वे स्टेशन तिथून दिसतं, नाही असं नाही. पण उजव्या हाताला, दोन शेतं आणि एक ओढा ओलांडून. स्टेशनला जाणारे लोक बसमधून उतरतात, चपला हातात घेतात आणि बांधावरून चालू लागतात. याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही, कारण सरकारने काहीतरी विचार करूनच रस्ता इथे आणला असणार, असं प्रत्येकाला वाटतं. विचार काय होता हे कोणालाच माहीत नाही, पण तो होता याबद्दल खात्री आहे.

पूल आणि बांध यांच्या मधे या रस्त्याला एकच नाव घेण्याजोगं वळण आहे. धान्यबाजार सोडला की रस्ता नाकासमोर येत असतो आणि मधेच काहीतरी आठवल्यासारखा डावीकडे सरकतो. एका घराला बगल देतो आणि पुन्हा उजवीकडे येतो. पुरता येत नाही, पण येतो. मग वीटभट्ट्या, मग बांधकाम खात्याची कचेरी आणि मग तो बांध. ज्या घराला रस्ता बगल देतो, ते घर चष्मेतात्यांचं. पुढच्या खोलीत चष्म्याचं दुकान, मागे बिऱ्हाड, वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या एक भाडेकरू बाई. दुकानावर पाटी होती: ‘अचूक चष्मे. आजोबांच्या काळापासून.’

तात्यांच्या घराण्यात रूप, शिक्षण, उंची या सगळ्या गोष्टी बेताच्याच. पण एक गोष्ट मोठी होती, आणि ती म्हणजे हे वळण. त्याची कथा तात्यांनी वडिलांकडून ऐकलेली. रस्त्याची आखणी करायला मोठा साहेब आला, तेव्हा त्याची रेघ थेट घरावर येत होती. आजोबांनी दारात खुर्ची टाकली. खुर्चीत बसले. बोट वर केलं आणि म्हणाले, “डावीकडून जा!” आणि सरकार डावीकडून गेलं. एवढीच कथा. पण तात्या ती सांगायला लागले की अर्धा तास पुरत नसे, आणि ऐकणाऱ्याला पळायची सोय नसे. डोळे तपासायची ती जाड फ्रेम एकदा नाकावर चढवली की गिऱ्हाईक उठून जाणार कुठे? समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून होईपर्यंत आजोबांनी बोट वर केलेलं असायचं.

तात्यांच्या मनात एकच सल होता. त्यांच्या मते या जागेचं नाव ‘आजोबांचं वळण’ असायला हवं होतं. प्रत्यक्षात बसचा कंडक्टर दारावर थाप मारून ओरडायचा, “चला, चष्मा! चष्म्यावाले पुढे व्हा!” ज्या माणसाने सरकारला वळवलं, त्याच्या जागी लोकांनी एक वस्तू बसवावी, आणि तीही विक्रीची, हे तात्यांच्या जिव्हारी लागायचं. ते स्वतः तिकीट काढताना ‘वळणापर्यंत’ असं म्हणत. कंडक्टर ‘म्हणजे चष्मा ना?’ असं विचारत असे आणि तात्या खिडकीबाहेर बघत.

अशात खात्याने या रस्त्याचा इतिहास लिहायला घेतला. कोणीतरी वरून हुकूम केला होता म्हणे, की प्रत्येक राज्यमार्गाच्या कडेला माहितीचे फलक लावा. पुलापाशी फलक लागला: पूल अरुंद का आहे, तर बांधला तेव्हा एकच गाडी होती. धान्यबाजारापाशी लागला: इथे पूर्वी बैलांना पाणी पाजत. वीटभट्ट्यांपाशी लागला: रस्ता खडीचा होता तो डांबराचा कधी झाला. प्रत्येक गोष्टीला कारण दिलेलं होतं. आणि एके सकाळी तात्या दुकानाचं शटर वर करतात तो समोर निळा करकरीत फलक. तात्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि वाचलं. फलकावर एकच ओळ होती.

‘या वळणाचे कारण ज्ञात नाही.’

तात्या आत येऊन खुर्चीवर बसले. बायको चहा घेऊन आली, तर त्यांना चहा दिसेना.

“काय झालं?” काकूंनी विचारलं. गल्ली त्यांना काकूच म्हणायची, आपणही म्हणू.

“आजोबा ज्ञात नाहीत,” तात्या म्हणाले.

“ते वारले त्याला किती वर्षं झाली! चहा घ्या.”

पण तात्यांनी चहा घेतला नाही. शर्टाच्या खिशाला पेन लावलं आणि ते खात्याच्या कचेरीत गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथून सुरू झालं.

कचेरीत एक कारकून पेन्सिलीला टोक करत बसला होता. त्याच्यासमोर टोक केलेल्या पेन्सिलींची रांगच होती, म्हणजे माणूस कामात होता.

“तुमच्या फलकात चूक आहे,” तात्या म्हणाले. “वळणाचं कारण ज्ञात आहे.”

“कोणाला?”

“मला!”

“तुम्ही म्हणजे खातं नाही,” कारकुनाने पेन्सिल उजेडात धरून पाहिली. “खात्याला ज्ञात नाही, असं आम्ही लिहिलंय. ते बरोबर आहे.”

तात्यांनी अर्ध्या तासाची कथा उभ्याउभ्या दहा मिनिटांत सांगितली. बोट वर करून दाखवलं. कारकुनाने शांतपणे ऐकलं, कारण त्याला पेन्सिली अजून बऱ्याच होत्या.

“पुरावा लागेल. आजोबांना घेऊन या.”

“ते नाहीत.”

“मग खुर्ची?”

तात्यांचा चेहरा उजळला. खुर्ची होती! स्वयंपाकघरात होती. तिच्यावर काकूंचा पिठाचा डबा होता आणि चौथ्या पायाखाली विटेचा तुकडा होता, पण होती. घरी येऊन त्यांनी डबा जमिनीवर ठेवला, खुर्ची पुसली आणि बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले.

“खुर्चीचं तिकीट पडेल,” कंडक्टर म्हणाला.

“ती काय बसणारे? ती उभी राहणार.”

“उभ्याने गेलं तरी तिकीट पडतंच की.”

तात्यांनी दोन तिकिटं काढली. खुर्ची मधल्या वाटेत ठेवली, तोच पुढच्या स्टॉपवर एक जाडजूड गृहस्थ चढले, बसमधे खुर्ची बघून बसखात्याचं कौतुक केलं आणि तिच्यावर ऐसपैस बसले. तात्यांनी सांगून पाहिलं की ही ऐतिहासिक आहे. ते म्हणाले, “तरीच कुरकुरते.” दोन तिकिटं काढलेला माणूस वरच्या दांडीला लोंबकळत गेला आणि बिनखुर्चीचा माणूस खुर्चीवरून गेला, आणि याला कोणी हसलं नाही याचंच तात्यांना जास्त वाईट वाटलं.

कचेरीत कारकुनाने खुर्ची उलटीसुलटी करून पाहिली आणि ‘ठेवून जा’ म्हणाला. दोन दिवसांनी तात्या परत आणायला गेले, तर खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला आणि तिच्यावर कारकून बसलेला.

“ही माझी आहे!” तात्या म्हणाले.

“होती. आता नोंद झाली. सरकारी सामान कचेरीबाहेर नेता येत नाही.”

“अहो, पण मी पुरावा म्हणून दिली होती!”

“पुरावा मिळाला ना. पोच देतो.” कारकून जरा मागे रेलला. “बसायला चांगली आहे. विटेचा तुकडा तेवढा आणून द्या.”

घरी काकूंनी विचारलं, पिठाचा डबा आता कुठे ठेवू? तात्यांनी पेन पुन्हा खिशाला लावलं. इतिहास घडत असताना पिठाचा डबा मधे येतोच.

नुसती खुर्ची पुरेना. खात्याने कळवलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. आता शेजारी म्हटले की सल्ला आला. समोरच्या घरात वकीलसाहेब राहत. त्यांना सगळे कायदे पाठ होते, फक्त हातातल्या दाव्याला लागणारा तेवढा आठवत नसे. ते पायजम्यावरच आले, तात्यांचा मसुदा वाचला आणि मान हलवली.

“कच्चं आहे. अडथळा नुसता आजोबांचा लिहिलाय तुम्ही. अहो, माणूस काय, पाय अवघडले की उठून जातो. अडथळा पक्का हवा. घर लिहा.”

“घर?”

“‘सदर घर हे राज्यमार्गाच्या सरळ रेषेत ठाम उभे असून तेच अडथळा होते व आहे.’ लिहा. ‘व आहे’ विसरू नका, त्याने वजन येतं.”

वरच्या शिकवणीच्या बाईंकडे भाषेचं काम दिलं. बाईंनी निबंधाच्या वह्या तपासता तपासता ते करून दिलं. त्यांच्या हातून घर ‘वज्राहून अभेद्य’ झालं, आजोबा ‘पर्वतप्राय’ झाले, आणि शेवटी त्यांनी सवयीने लाल शाईत ‘छान’ असंही लिहिलं.

काकू भाजी निवडत ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, स्वतःच्या घराला कोणी अडथळा म्हणतं का?”

“तुला कायद्यातलं कळत नाही.”

“नाही कळत. पण घरातलं कळतं,” काकू म्हणाल्या आणि भाजी धुवायला गेल्या. शहाण्या माणसाचं बोलणं या घरात नेहमी नळाच्या आवाजात वाहून जात असे.

प्रतिज्ञापत्रं गेली आणि खरंच माणसं आली! स्वतः उपअभियंता साहेब आले, बरोबर तो कारकून, दोन माणसं, एक लांब फीत आणि फक्कीची पिशवी. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेब मान डोलावून म्हणाले, “फार उपयुक्त माहिती दिलीत तुम्ही. वर खूप चर्चा झाली.” तात्यांचे कान गरम झाले. त्यांनी चहा करवला. फितीचं एक टोक स्वतःच्या हाताने धरलं. ‘इकडे घ्या, इकडे घ्या’ म्हणत माणसांना दुकानात आणलं, काउंटर सरकवून दिला, डोळे तपासायचा तक्ता बाजूला केला. फक्कीची पांढरी रेघ फुटपाथवरून निघाली, दुकानातून गेली, मधल्या खोलीत कपाट आणि पलंग यांच्या मधून गेली, स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्याखालून मागच्या मोरीतून बाहेर पडली.

“स्मारकाच्या चौथऱ्याची आखणी असेल,” तात्या काकूंच्या कानात म्हणाले.

काकूंनी हातातला झारा खाली ठेवला. “चौथरा मोरीतून कुठे चाललाय?”

आठवड्याने कागद आला. तात्यांनी तो मोठ्याने वाचायला घेतला, कारण अभिमानाने वाचायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, आणि मग मधेच त्यांचा आवाज खाली खाली जात बंद झाला. पुढचं काकूंनी वाचलं. ‘सदर वळणाचे कारण आजवर ज्ञात नसल्याने त्यास हात लावता येत नव्हता. आता आपण ते ज्ञात करून दिले आहे. पहिले कारण आपले आजोबा असून ते हयात नाहीत. दुसरे कारण आपले घर असून ते अडथळा आहे असे आपण स्वतः प्रतिज्ञेवर म्हटले आहे. सबब अडथळा दूर करून मार्ग सरळ करण्याचे योजिले आहे. आजोबांच्या नावाचा फलक सध्याच्या स्वयंपाकघराच्या जागी, रस्त्याच्या कडेला लावण्यात येईल. हरकत असल्यास जागेवरील सुनावणीत मांडावी.’

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते धावत वकीलसाहेबांकडे गेले. वकीलसाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि कौतुकाने म्हणाले, “बघा, ‘व आहे’ने कसं वजन आलं!”

“अहो, घर चाललंय माझं!”

“मग आता एकच उपाय. आजोबा नव्हतेच, म्हणा.”

“मग मी कुठून आलो?”

“तो वेगळा दावा होईल,” वकीलसाहेब विचारात पडले. “तो नंतर बघू.”

फक्की पुसली तरी जाईना. फरशीच्या सांध्यांत बसली होती. गिऱ्हाईक आलं तर तात्या त्याला रेघेच्या अलीकडे बसवत आणि तक्ता रेघेच्या पलीकडे लावत, आणि वाचून घेता घेता त्यांची नजर तक्त्याऐवजी रेघेवर जाई. एकदा स्वयंपाकघरात गेले तर काकू ओट्यापाशी नुसत्याच उभ्या होत्या.

“सकाळी या खिडकीतून ऊन येतं,” काकू म्हणाल्या. “लग्न होऊन आले तेव्हापासून मी इथेच उभी राहून चहा पिते. आता इथून बस जाणार.”

तात्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, कारण त्या वेळी त्यांना अब्रूची आठवण राहिली नव्हती. आजोबा हवेत की घर, असा प्रश्न आयुष्यात कधी पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि घर हवं म्हटलं तरी ते राखायचं कसं, हे कोणालाच सुचत नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आत्या आल्या. या तात्यांच्या वडिलांच्या बहीण, आजोबांची धाकटी मुलगी. वय पुष्कळ, दात थोडे आणि जिभेला हाड नाही. राज्यमार्गाच्या त्या टोकाला, बांधापाशी मुलाकडे राहत. पिशवी ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, “काय रे तात्या, घराला अडथळा म्हणालास म्हणे?”

“आत्या, आजोबांचा मान राखायला गेलो गं. त्यांनी बोट वर करून सरकारला सांगितलं होतं ना, डावीकडून जा म्हणून...”

“सांगितलं होतं की! मी होते ना तिथे. फ्रॉकमधे.” आत्या खाली बसल्या आणि हसायलाच लागल्या. “पण का सांगितलं, ते माहितेय का तुला?”

आणि मग आत्यांनी जे सांगितलं ते असं. आजोबा तेव्हा चष्मे विकत नसत, छत्र्या दुरुस्त करत. आखणीचा साहेब धान्यबाजारापर्यंत झकास आला होता, पण तिथे एका बैलाने मान हलवली आणि त्याचा चष्मा पडून फुटला. साहेबाला चष्म्याशिवाय स्वतःचा हात दिसेना. आजोबांकडे कुठल्याशा लिलावातून आलेली जुन्या चष्म्यांची पेटी होती. आजोबांनी त्यातला एक काढून साहेबाच्या नाकावर ठेवला आणि विचारलं, “दिसतंय?” साहेब भिडस्त होता. तो ‘दिसतंय’ म्हणाला. झालं, दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक!

“आणि मग?” तात्यांनी विचारलं.

“मग काय! साहेब पुढे चालतोय, मागची माणसं त्याच्या पावलावर खुंट्या ठोकतायत, आणि साहेब सरळ निघालाय आपल्या घराकडे. दारात छत्र्यांच्या मोडक्या काड्या टाकायचा हा एवढा खड्डा. बाबा बसले होते खुर्ची टाकून. त्यांनी बघितलं, आता हा पडतोय. ते ओरडले, ‘डावीकडून जा, साहेब, पुढे खड्डा आहे!’ साहेब डावीकडून गेला. खुंट्यापण डावीकडून गेल्या.”

“आणि खड्डा संपल्यावर?”

“बाबा म्हणाले, आता या उजवीकडे. तो आला थोडा. पण मग पुढे कोण सांगणार त्याला? बाबा काय पुढे जाऊन बसणार होते? गेला तसाच. निघाला होता स्टेशनला. माझ्या लेकाच्या बांधापाशी पोचला आणि म्हणाला, हे काय स्टेशन!”

मग काकूंना हसू फुटलं, तोंडाला पदर लावूनही थांबेना. तात्या मात्र पांढरेफटक पडले होते.

“आत्या, इतकी वर्षं बोलली नाहीस!”

“तू विचारलंस कधी? तू सांगायचास, मी ऐकायची. छान सांगतोस.”

तात्या उठून दुकानात गेले आणि बाहेर येऊन स्वतःच्या पाटीकडे बघत राहिले. ‘अचूक चष्मे. आजोबांच्या काळापासून.’ उद्या हे चारचौघांत सांगितलं, तर घराण्याचा मान तर जाणारच, पण चष्मा घ्यायला दारात तरी कोण येईल? ज्यांच्या पहिल्याच चष्म्याने आख्खा राज्यमार्ग चुकवला, त्यांच्याकडून वाचायचा नंबर कोण काढून घेईल? काकू मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“घर राहिलं तर पाटी बदलता येईल,” त्या म्हणाल्या. “नुसती पाटी राहिली तर टांगणार कुठे?”

दुसऱ्या दिवशी वळणावर गल्ली लोटली होती. फलकाखाली टेबल मांडलं होतं. साहेबांना बसायला कारकुनाने कचेरीतून खुर्ची आणली होती, पाठीवर आकडा घातलेली. सरकारी सामान बाहेर नेता येत नाही हा नियम साहेबांच्या बुडाला लागू नव्हता. तात्यांनी ती ओळखली आणि त्यांना जरा धीर आला.

“हरकत?” साहेबांनी विचारलं.

तात्या पुढे झाले. घसा खाकरला. आयुष्यभर अर्धा तास चालवलेली कथा त्यांनी चार वाक्यांत सांगितली: “आजोबांनी रस्ता अडवला नव्हता. तुमच्या साहेबांना आमच्या आजोबांनी चष्मा दिला होता. तो चुकीचा होता. त्यामुळे वळण आहे.”

गर्दीत जो हशा पिकला तो धान्यबाजारापर्यंत ऐकू गेला असेल. वकीलसाहेब पायजम्याची नाडी धरून हसत होते. तात्या मान खाली घालून उभे होते. आत्यांनी पुढे येऊन ‘मी बघितलंय, फ्रॉकमधे’ अशी साक्ष दिली.

साहेब मात्र हसले नाहीत. “म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “आमच्या खात्याच्या साहेबांना दिसत नव्हतं?”

“दिसत होतं,” आत्या म्हणाल्या, “पण शेजारचं.”

“मग तो चष्मा त्यांनी बदलला कुठे?”

“बदलला कुठे! आवडला होता त्यांना. शेवटपर्यंत तोच होता नाकावर.”

“शेवटपर्यंत...” साहेबांनी समोरचा नकाशा ओढून घेतला. त्यांचं बोट वळणापासून निघालं, वीटभट्ट्यांवरून गेलं, बांधापाशी थांबलं, स्टेशनकडे गेलं आणि परत मागे आलं. परत येताना ते बोट एका चौकोनावर अडकलं. तो चौकोन म्हणजे खात्याची कचेरी.

“साहेब,” कारकून हळूच म्हणाला, “वळण चुकलंय असं लिहिलं, तर पुढचा सगळा रस्ताच चुकलाय असं होईल. तो सरळ करायला घेतला तर आपली कचेरी रस्त्यावर राहणार नाही. नव्या रस्त्यावर हलवायची म्हटली तर ती ओढ्यात जाईल.”

साहेबांना घाम फुटला. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि इतका जोरात पुसला की त्याची दांडी हातात आली. बिनचष्म्याचे साहेब गर्दीकडे बघत म्हणाले, “कारकून, लिहा. साक्षीपुरावे तपासले. साक्षी परस्परविरोधी आहेत. एका म्हणण्याप्रमाणे रस्ता अडवला, दुसऱ्या म्हणण्याप्रमाणे दाखवला. सबब, या वळणाचे कारण ज्ञात नाही. आणि जे ज्ञात नाही त्याला हात लावता येत नाही.”

सही कुठे करायची ते दिसेना, म्हणून कारकुनाने त्यांचा हात धरून कागदावर ठेवला.

काकू गर्दीतून थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याखालची फक्की काथ्याने घासू लागल्या. आत्यांनी शेजारी बसून त्यांना कुठे राहिलीये ते दाखवलं. तात्या फलकासमोर उभे राहिले. ज्या ओळीने त्यांचा चहा सुटला होता, ती ओळ त्यांनी तीनदा वाचली. मग खिशातलं फडकं काढलं, काच पुसायचं, मऊ, आणि फलक पुसला. तेवढ्यात बस आली आणि कंडक्टरने दारावर थाप मारली, “चला, चष्मा!”

“हो, हो, चष्माच,” तात्या मोठ्याने म्हणाले. कंडक्टर बघतच राहिला.

खुर्ची परत मिळाली नाही. नोंद झालेली होती. दुकानाच्या पाटीवरचा ‘अचूक’ हा शब्द तात्यांनी स्वतःच रंगवून टाकला. गिऱ्हाईक काही कमी झालं नाही. उलट लोक मुद्दाम यायचे, जाड फ्रेम आपल्या हाताने नाकावर चढवायचे आणि म्हणायचे, तात्या, ती बैलाची गोष्ट सांगा. तात्या सांगायचे. हीही अर्ध्या तासाची झाली होती.

मग एके दिवशी खुद्द साहेब आले. मोडक्या चष्म्याला दोरा बांधलेला. तात्यांनी त्यांना बसवलं, नंबर काढला, पुन्हा काढला, शंका नको म्हणून पुन्हा काढला. चष्मा तयार झाला तेव्हा साहेब तो घालून दुकानाच्या पायरीवर आले आणि रस्त्याकडे बघू लागले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बराच वेळ बघत होते.

“तात्या,” ते म्हणाले, “या चष्म्यातून रस्ता सरळच दिसतोय हो. वळण काही दिसत नाही.”

तात्यांनी हातातल्या नंबराच्या चिठ्ठीकडे पाहिलं, साहेबांच्या नाकाकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन आलं होतं आणि काकू कप हातात घेऊन उभ्या होत्या.

तात्यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

“मग अगदी बरोबर बसलाय,” ते म्हणाले. “उतरताना तेवढं डावीकडून जा, साहेब. पुढे खड्डा आहे.”